रस्त्यातली दगडांची रेघ

कधी बर्लिनला गेलात, तर उंच इमारती बघण्याआधी जरा पायाखाली बघा हं! जर्मनीच्या या राजधानीत भर रस्त्यातून दगडांची एक दुहेरी रेघ जाते. सायकली, मोटारी तिच्यावरून खुशाल धावतात. पण १९८९ पर्यंत तिथं भिंत होती आणि ती ओलांडू पाहणाऱ्यांवर गोळ्या झाडल्या जात.

असं का? दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीचे दोन देश झाले. पूर्व जर्मनीत साम्यवादी सरकार आलं. कारखाने सरकारचे, प्रत्येकाला काम, घरभाडं अगदी कमी. ऐकायला छान, नाही का? पण सरकारविरुद्ध बोलायची चोरी! खरीखुरी निवडणूकही नाही. १९६१ पर्यंत पंचवीस लाखांहून अधिक माणसं पश्चिमेकडे निघून गेली. मग १३ ऑगस्ट १९६१ ला सरकारनं पश्चिम बर्लिनभोवती काटेरी तारा ओढल्या. पुढे तिथंच सुमारे १५५ किलोमीटरची भिंत उभी राहिली. आपण कुंपण घालतो ते चोर आत येऊ नये म्हणून. हे कुंपण होतं आपलीच माणसं बाहेर जाऊ नयेत म्हणून!

बेर्नाउअर रस्त्यावर तर घरं पूर्वेत आणि दारापुढचा फुटपाथ पश्चिमेत. दारं बंद झाली, तेव्हा लोकांनी खिडक्यांतून उड्या मारल्या. काही वाचले, काही दगावले. भिंतीपायी किमान १४० जणांचा जीव गेला.

९ नोव्हेंबर १९८९ च्या रात्री भिंतीची फाटकं उघडली. ३ ऑक्टोबर १९९० ला जर्मनी पुन्हा एक झाला. पण मागे काय काय उरलं, पाहा.

उरल्या फायली. 'श्टाझी' हे तिथलं गुप्त पोलीसखातं. त्याचे कागद एका ओळीत उभे लावले, तर १११ किलोमीटर भरतील! कोण कुणाला भेटलं, काय बोललं, सगळं टिपलेलं. १९९२ पासून लोकांना स्वतःची फाईल वाचता येऊ लागली. आपली चुगली मित्रानंच केली होती, हे कित्येकांना तेव्हा कळलं.

उरली हळहळही. पूर्वेकडचे कितीतरी कारखाने बंद पडले, हातचं काम गेलं.

आणि उरला एक टोपीवाला! पूर्वेकडच्या सिग्नलमधला हा छोटा माणूस १९६१ मध्ये कार्ल पेग्लाऊ यांनी काढला. एकीकरणानंतर तो हटवायला लागले, तर लोक म्हणाले, "हा आमचा आहे, राहू द्या." आज तो पश्चिम बर्लिनच्या चौकांतही दिसतो.

भिंत पाडली, पण तिची खूण मुद्दाम जपली. टोपीवाल्याला मात्र प्रेमानं ठेवून घेतलं.

आता सांगा, घरात पोटभर जेवण आहे, पण दाराला बाहेरून कडी आहे, तर अशा घरात तुम्ही राहाल? आणि कडी नाही, पण कामाची शाश्वतीही नाही, तर? आज रात्री जेवताना आईबाबांनाही विचारा.