एकसारख्या दाण्याची किंमत

धान्याच्या पेढीवर माल पारखणारा मूठभर दाणे तळहातावर घेतो, तेव्हा त्याची नजर प्रथम एकसारखेपणा शोधते. मिसळीचा माल भावात मार खातो, हे अकोला-अमरावतीच्या बाजारात कोणास सांगावयास नको. व्यवहाराच्या दृष्टीने ते रास्तही आहे. वनस्पती-पैदासकार मात्र याच एकसारखेपणाकडे धास्तीने पाहतो. ज्या शेतातील सारी ताटे एका रक्ताची, त्या शेतातील एक ताट ज्या रोगाला बळी पडेल त्याला उरलेलीही पडतील, हे त्याला ठाऊक असते.

वऱ्हाडात कपाशीच्या जोडीला ज्वारी होती, आणि ती एकच नव्हती. हुरड्यासाठी वाणी, लाह्यांसाठी निराळी, भाकरीसाठी निराळी. उंच धाट्याची ज्वारी तर गुरांच्या कडब्यासाठीच मुद्दाम राखली जाई. 1964 साली सीएसएच-1 हा देशातील पहिला संकरित ज्वारीचा वाण आला. धान्यटंचाईचे ते दिवस होते आणि या वाणाने उत्पन्न वाढविले, हे त्याचे श्रेय नाकारता येत नाही. पण बुटक्या ताटाला कडबा कमी, खोडमाशीचा उपद्रव अधिक. आणि पीक लवकर तयार होत असल्याने परतीच्या पावसात कणसे सापडली की दाणे बुरशीने काळे पडत. पुढे सोयाबीन आले आणि ज्वारीचे क्षेत्रच आटले. घरचे बी राखण्याचा रिवाजही मग मागे पडला.

बाजरीने याहून कडक धडा दिला. 1965 साली एचबी-1 हा संकर प्रसृत झाला. त्याची, आणि त्यानंतरच्या अनेक संकरांची, मादी एकच होती : अमेरिकेतून आणलेली टिफ्ट 23-ए. सत्तरीच्या दशकारंभी गोसावी, म्हणजेच केवडा रोगाने हे संकर झोडपून काढले. कणसात दाण्यांऐवजी हिरव्या पानांचे झुबके दिसू लागले. सारे भांडवल एकाच पेढीत गुंतवून ती पेढी बुडावी, तसाच हा प्रकार. यातून सुटका झाली ती दूरच्या रक्ताने. हैदराबादजवळच्या पाटणचेरू येथे 1972 साली स्थापन झालेल्या इक्रिसॅट संस्थेने डब्ल्यूसी-सी75 हा रोगाला दाद न देणारा वाण सिद्ध केला; 1982 साली तो शेतकऱ्यांच्या हाती आला. त्याचे मूळ नायजेरियात तयार झालेल्या बाजरीच्या मिश्र संग्रहात होते. तो संग्रह कोणी जपलाच नसता तर?

जपणुकीचे हे काम अकोल्यातही चालते. राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्यूरोचे प्रादेशिक केंद्र डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या आवारात आहे. ठिकठिकाणचे वाण जमवावयाचे, शेतात पेरून त्यांचे गुणदोष नोंदवावयाचे, असे त्याचे स्वरूप. त्यात राजगिराही आहे. फराळाचे हे धान्य मूळचे अमेरिका खंडातील, हे ऐकून अनेक घरांत आश्चर्य वाटेल! संस्थेच्या दिल्लीतील बीजकोशात वाळविलेले बी शून्याखाली सुमारे अठरा अंश तापमानात वर्षानुवर्षे जिवंत राहते. परंतु शीतगृहातले बी बदलत्या पावसाशी झुंजून काही नवे शिकत नाही. ते शेतातच घडते. शेतकऱ्याने स्वतः जोपासलेला वाण त्याच्या नावे नोंदविण्याची सोय 2001 च्या कायद्याने केली आहे. नोंद झाली, तरी पेरणी व्हावयास गिऱ्हाईक लागतेच.

मेळघाटात नेमके हेच अडते आहे. धारणी-चिखलदऱ्याच्या उतारांवर कोरकू कुटुंबे कोदो, कुटकी पेरीत आली. हलक्या जमिनीत, थोड्या पावसात ही पिके तग धरतात. अडचण आहे ती टरफलाची. बारीक दाण्याला घट्ट चिकटलेले ते टरफल उखळात कांडून काढता काढता बायकांचे हात भरून येतात. सोयाबीन मात्र कापले, मळले की थेट बाजारात जाते. तूर भरडून डाळ करण्यात ज्यांच्या पिढ्या गेल्या, अशा वऱ्हाडातील घरांना कुटकी सडणारे यंत्र बसविणे हे काही आवाक्याबाहेरचे नाही. प्रश्न उरतो तो मिसळीच्या मालाला मुकाट्याने भाव पाडण्याच्या सवयीचा. मेळघाटची कुटकी वेगळ्या पोत्यात, तिच्या गावाच्या नावानिशी आणि तिच्या स्वतःच्या भावाने विकली गेली, तर पुढच्या मृगासाठी गाडग्यात बी राखून ठेवण्यास त्या घरांना कारण उरेल.