हात कुणी वर करायचा?
सोसायटीचा कारभार : भाग 6

वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस 14 दिवस आधी लागते. तिच्यातली शेवटची ओळ सहसा कुणी वाचत नाही: गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास ती त्याच दिवशी, त्याच ठिकाणी, अर्ध्या तासाने घेण्यात येईल आणि त्या सभेस गणपूर्तीची अट राहणार नाही.

मागच्या भागात आपण समितीचे अधिकार पाहिले. पण ते अधिकार समितीच्या हाती जातात ते बरेचदा या ओळीच्या जोरावर. आदर्श उपविधींनुसार गणपूर्ती म्हणजे एकूण सभासदांपैकी दोन तृतीयांश किंवा 20, यांतला जो आकडा कमी असेल तो. म्हणजे 12 सभासदांच्या इमारतीत 8 आणि 60 सभासदांच्या इमारतीत 20. रविवारी दहाची सभा. दहा वाजता पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्यांवर नऊ जण. साडेदहापर्यंत वाट पाहायची, सभा तहकूब करायची आणि त्याच नऊ जणांत सुरू करायची. त्यांच्यातल्या पाच जणांनी हात वर केले की रंगकामाचं कंत्राट मंजूर! संध्याकाळी व्हॉट्सॅपवर उरलेले एकावन्न विचारतात, आम्हाला कुणी विचारलं? विचारलं होतं, 14 दिवस आधी. या बाबतीत माझी सहानुभूती सचिवांकडे आहे.

पुनर्विकासाचा ठराव मात्र असा उरकता येत नाही. 3 जानेवारी 2009 च्या शासन निर्देशांत तीन चतुर्थांशांची अट होती. 4 जुलै 2019 च्या निर्णयाने ती बदलली. आता सभेला दोन तृतीयांश सभासद हजर हवेत आणि एकूण सभासदांपैकी 51 टक्क्यांची संमती हवी. साठांच्या सोसायटीत म्हणजे 40 जण समोर बसलेले आणि 31 जण राजी.

आता मत कुणाचं, याकडे वळू. खरी भांडणं इथे होतात. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 सांगतो, एक सभासद, एक मत. वन बीएचके असो की शेजारचे दोन फ्लॅट भिंत पाडून एक केलेले असोत, एकाच नावावर असतील तर मत एकच. (समसमान मतं पडली तर अध्यक्षांना जादा निर्णायक मत असतं, तेवढा एकच अपवाद.) फ्लॅट नवरा-बायकोच्या नावावर असेल तर शेअर सर्टिफिकेटवर ज्याचं नाव पहिलं, त्याने मत द्यायचं. तो हजर नसेल तर दुसऱ्याने, दुसराही नसेल तर तिसऱ्याने. त्यामुळे कपाटातलं सर्टिफिकेट एकदा काढून बघाच. बऱ्याच घरांत ‘कर्जाचे हप्ते मी भरते’ म्हणणाऱ्या बाईंचं नाव दुसरं असतं. मग साहेब सभेत डुलक्या काढत असले तरी हात त्यांचाच मोजायचा.

मुलगा न्यू जर्सीत, फ्लॅट त्याच्या एकट्याच्या नावावर आणि मुखत्यारपत्र पुण्यातल्या मेहुण्याकडे, हाही नेहमीचा प्रसंग. मुखत्यारपत्रावर बँकेची कामं होतील, सभेत मत देता येणार नाही. दुसऱ्यातर्फे मत देण्याची सोयच उपविधींत नाही. रस्ता वेगळा आहे. 2019 मध्ये कायद्यात गृहनिर्माण संस्थांसाठी स्वतंत्र प्रकरण आलं. त्यानुसार आईवडील, भावंडं, मुलं, सून, जावई अशा जवळच्या नात्यातल्या माणसाला सहयोगी सभासद करून घेता येतं आणि मूळ सभासदाच्या लेखी पूर्वसंमतीने तो मत देऊ शकतो. मेहुणा त्या यादीत नाही, वडील आहेत. मुलाने त्यांच्यासाठी अर्ज पाठवावा, पण सभेच्या आदल्या रात्री नव्हे.

पुण्यात हमखास विचारलं जाणारं: आमची सोसायटी नाही, अपार्टमेंट आहे, मग? तर वरचं गणित विसरा. 1970 च्या अपार्टमेंट मालकी कायद्यात बहुमत डोक्यांवर मोजत नाहीत. घोषणापत्रात ज्या फ्लॅटला मतदानासाठी जितके टक्के लावून दिले असतील, त्यांवर मोजतात. तिथे मोठ्या फ्लॅटवाल्याचा हात खरोखरच जड असतो.

विरोधात मत दिलंत तर तेवढ्यावर थांबू नका. ‘ठराव सर्वानुमते मंजूर’ असं लिहायची सचिवांच्या हाताला सवय असते. इतिवृत्ताचा मसुदा फिरेल तेव्हा आपला विरोध नोंदलाय का ते पाहा. नसेल तर लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. पुढे वाद उभा राहिला तर तोंडी विरोधाला काडीची किंमत नसते.

समितीच्या निवडणुकीचा वाद असेल तर घड्याळ आणखी जोरात पळतं. कलम 91 खाली सहकार न्यायालयात जावं लागतं, तेही निकाल जाहीर झाल्यापासून 2 महिन्यांच्या आत. लोक ते दोन महिने उपनिबंधकांच्या कार्यालयात अर्जावर अर्ज टाकण्यात घालवतात आणि वकिलाकडे पोचतात तिसऱ्या महिन्यात.

(पुढील भागात : थकबाकीदार आणि वसुली)