स्पर्श हीच पहिली भाषा

पवनारच्या धाम नदीकाठी आलेल्या मुलाला पाणी दिसत नसेल आणि त्याचा आवाजही ऐकू येत नसेल, तर त्याला ‘नदी’ कशी शिकवायची? त्याचा हात पाण्यात बुडवून.

गर्भारपणातील रुबेला, अपुऱ्या दिवसांचा जन्म, जन्मताना मेंदूला कमी पडलेला प्राणवायू, अशा कारणांनी मुलात एकाहून अधिक अपंगत्वे येतात. अंध-बधिर म्हटल्या जाणाऱ्या अनेक मुलांना थोडे दिसते किंवा थोडे ऐकू येते. म्हणून आधी डोळे आणि कान दोन्ही तपासून घ्यावेत.

घरी मुलाला अचानक उचलू नये. आधी खांद्याला हात लावावा. जेवणाआधी वाटी, अंघोळीआधी टॉवेल हातात द्यावा. रोज तीच वस्तू, तोच क्रम. आणि मग थांबावे. मेंदूला इजा झालेल्या मुलाला प्रतिसाद द्यायला वेळ लागतो. घाई केली की तो निसटतो आणि ‘याला काही कळत नाही’ असा शिक्का बसतो.

मुंबईच्या हेलन केलर संस्थेत १९७७पासून अशी मुले शिकत आहेत. २०१६च्या कायद्याने ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. शाळेत जाणे अशक्य असल्यास घरी विशेष शिक्षक मिळावा, अशी मागणी पालकांनी जरूर करावी.