दुखतंय म्हणून हालचाल थांबवू नका
फिजिओथेरपीविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती : पेण-रोह्याच्या कष्टकऱ्यांसाठी

पेणच्या गणपती कारखान्यांत आखणी करणारा कारागीर मूर्तीच्या डोळ्यांवर नजर खिळवून तासन्‌तास मान वाकवून बसतो. हमरापूर-जोह्याच्या कारखान्यांत ओल्या मातीचे, भरलेल्या साच्यांचे वजन उचलणारे हात सणाच्या आधीचे कित्येक महिने थांबत नाहीत. रोह्याच्या शेतांत लावणी लागली की बायका दिवसभर चिखलात ओणव्या असतात. धाटावच्या औद्योगिक वसाहतीत पाळ्यांमध्ये उभ्याने काम करणारे कामगार आहेत आणि महामार्गाच्या खड्ड्यांतून रोज दुचाकी काढणारी तरुण मुलंही आहेत. या दोन तालुक्यांत बरंचसं दुखणं मेहनतीच्या पोटी येतं, आणि दुखतंय म्हणून काम सोडणं फार थोड्यांना परवडतं.

म्हणून दुखणं अंगावर काढलं जातं. आधी बाम, मग मेडिकलमधून विचारून आणलेली गोळी, मग कुणीतरी सांगितलेलं तेल, मग कमरेचा पट्टा. फिजिओथेरपीच्या क्लिनिकची पायरी सगळ्यात शेवटी चढली जाते आणि तिथेही माणूस बरेच गैरसमज बरोबर घेऊन येतो. हे समज उपचाराच्या आड येतात. त्यांतले नेहमीचे इथे एकेक करून तपासू.

गैरसमज : फिजिओथेरपी म्हणजे मालिश, शेक आणि करंट.

वस्तुस्थिती : मशीनचा शेक किंवा करंट काही वेळ आराम देऊ शकतो. दुखण्याचं मूळ त्याने हटत नाही. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०१६ साली कंबरदुखीसाठी जी मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली, त्यांत अल्ट्रासाउंड, टेन्स, इंटरफेरेन्शियल करंट, ट्रॅक्शन आणि कमरेचा पट्टा हे उपचार देऊ नयेत असंच सांगितलं आहे. त्या तत्त्वांत भर आहे तो व्यायामावर, चालतं-फिरतं राहण्यावर आणि रुग्णाला त्याचं दुखणं नीट समजावून सांगण्यावर.

या शास्त्राचा आपल्याकडचा इतिहासही हेच सांगतो. मुंबईत पोलिओच्या साथीनंतर, १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला केईएम रुग्णालयात फिजिओथेरपीचं शिक्षण सुरू झालं. पोलिओने लुळ्या पडलेल्या मुलांच्या पायांत जे बळ शिल्लक होतं, ते व्यायामाने वाढवून मुलांना पुन्हा उभं करणं हे त्यामागचं मोठं काम होतं. स्नायू शिकवता येतात आणि बळकट करता येतात, यावर हा उपचार उभा आहे.

चांगल्या क्लिनिकमध्ये पहिल्या भेटीत बराच वेळ प्रश्न आणि तपासणी यांतच जातो. कधीपासून दुखतं, कशाने वाढतं, रात्री झोपमोड होते का, काम काय करता, बसता कसे, उचलता किती. मग सांधा किती फिरतो, कोणत्या स्नायूची ताकद कमी झाली, मुंग्या येतात का हे पाहतात. त्यानंतर व्यायाम ठरतो. काहीही न तपासता थेट मशीन लावून वीस मिनिटांनी घरी पाठवलं, तर अर्ध्याहून अधिक उपचार राहूनच गेला.

गैरसमज : कंबर धरली की पूर्ण विश्रांती घ्यावी.

वस्तुस्थिती : अमेरिकेत १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कंबरदुखीच्या काही रुग्णांना दोन दिवस आणि काहींना सात दिवस पडून राहायला सांगितलं होतं. कमी दिवस विश्रांती घेतलेल्यांचे कामाचे खाडे ४५ टक्क्यांनी कमी झाले, आणि दुखणं बरं होण्यात दोन्ही गटांत फरक पडला नाही. पुढच्या संशोधनानेही तीच दिशा पक्की केली. अंथरुणात पडून राहिल्याने स्नायू झपाट्याने दुबळे होतात, सांधे आखडतात आणि हलण्याची भीती मनात घर करते.

उसण भरली की पहिला दिवस-दोन दिवस अवजड काम टाळावं हे बरोबर आहे. पण घरातल्या घरात चालणं, कूस बदलत राहणं, झेपेल तेवढी हालचाल करणं चालू ठेवावं. तीव्र कंबरदुखीचे बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत बरेच सुधारतात.

लावणी थांबवता येत नाही, पण ती करण्याची रीत थोडी बदलता येते. काही मुठी लावून झाल्या की सरळ उभं राहून, कमरेवर हात ठेवून अंग हळूच मागे झुकवावं. दिवसभर एकीनेच ओणवं राहण्यापेक्षा राब खणणं, मुठी वाहणं आणि लावणं ही कामं आळीपाळीने करावीत. मांड्या-नितंबांच्या स्नायूंचे व्यायाम मे महिन्यातच सुरू केले, तर जुलैत कंबरेवरचा ताण हलका होतो. आखणीच्या कारागिरानेही मूर्ती फिरत्या चौरंगावर घेऊन डोळ्यांच्या उंचीला आणावी आणि दर अर्ध्या तासाने उठून खांदे फिरवावेत. फिजिओथेरपिस्टला आपलं काम प्रत्यक्ष करून दाखवा. उपचाराइतकाच कामाच्या पद्धतीतला हा बदल महत्त्वाचा असतो.

गैरसमज : एमआरआयमध्ये गादी सरकलेली दिसली, म्हणजे आता ऑपरेशन किंवा जन्मभराचं दुखणं.

वस्तुस्थिती : ‘गॅप आलाय’, ‘गादी सरकली’ हे शब्द ऐकून धडधाकट माणूस खचतो. मणक्यांमधली चकती खरं तर जागची सरकत नाही. ती फुगते, किंवा तिच्यातला मऊ भाग बाहेर येऊन नसेला टोचतो. बाहेर आलेला हा भाग शरीर बऱ्याचदा स्वतःच हळूहळू शोषून घेतं.

२०१५ साली ३३ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात कंबरेचं काहीही दुखणं नसलेल्या ३११० माणसांचे स्कॅन होते. विशीतल्या ३७ टक्के लोकांत चकतीची झीज दिसली आणि ऐंशी वर्षांच्या ९६ टक्के लोकांत. फुगलेली चकती विशीत ३० टक्के आणि ऐंशीत ८४ टक्के लोकांत होती. यांतल्या कुणाचीच कंबर दुखत नव्हती. केस पिकतात तशी चकतीही वयानुसार बदलते. म्हणून रिपोर्टमधल्या शब्दांपेक्षा तुमची लक्षणं आणि तपासणी यांना जास्त वजन द्यायला हवं.

काही लक्षणं मात्र अजिबात अंगावर काढू नयेत. लघवी किंवा शौचावरचा ताबा जाणं, जांघेत आणि बैठकीच्या जागी बधिरपणा येणं, पायातली ताकद दिवसेंदिवस कमी होणं, कंबरदुखीबरोबर ताप किंवा विनाकारण वजन घटणं, पूर्वी कर्करोग झालेला असणं, उंचावरून पडल्यानंतर पाठ दुखणं. यांपैकी काहीही असेल तर आधी डॉक्टरांकडे जा. लघवीचा ताबा गेला असेल तर त्याच तासाला रुग्णालय गाठा. पोटरी एकाएकी सुजून गरम झाली तर ती चोळू नका, आत रक्ताची गुठळी असू शकते. डाव्या खांद्यात कळ येऊन घाम फुटला किंवा दम लागला, तर ते हृदयाचं दुखणं असू शकतं.

गैरसमज : गुडघ्यातलं वंगण संपलं, आता चालणं बंद.

वस्तुस्थिती : संधिवाताने झिजलेल्या गुडघ्यासाठी जगभरच्या मार्गदर्शक तत्त्वांत पहिला उपचार व्यायाम हाच आहे. मांडीचे स्नायू भक्कम असले की गुडघ्यावर येणारा भार ते उचलतात. चालणं सोडलं की हेच स्नायू वाळतात आणि गुडघा आणखी दुखतो. वजनाचाही इथे थेट संबंध आहे. २००५ च्या एका अमेरिकी अभ्यासानुसार शरीराचं एक किलो वजन घटलं की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो.

‘या वयात आता व्यायाम काय करणार’ असं आजी-आजोबा म्हणतात. बोस्टनमध्ये १९९० साली वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या आसपासच्या माणसांना आठ आठवडे पायांच्या ताकदीचा व्यायाम दिला गेला. त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, भिंतीला धरून टाचा उचलणं, पाटावर पाय ठेवून चढ-उतार करणं एवढ्यापासून सुरुवात होते. पडण्याची भीतीही त्यानेच कमी होते.

गैरसमज : पाय मुरगळला की शेकायचा, चोळायचा किंवा हाडवैद्याकडून बांधून घ्यायचा.

वस्तुस्थिती : पहिले दोन-तीन दिवस गरम शेक आणि चोळणं टाळा, त्याने सूज वाढते. कापडात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं लावा, सैलसर क्रेप बँडेज बांधा आणि पाय उंचावर ठेवा. दुखणं उतरू लागलं की घोटा हलवायला आणि त्यावर भार द्यायला सुरुवात करा.

हाड मोडलंय की नुसतं मुरगळलंय हे ओळखण्यासाठी कॅनडातल्या ओटावाच्या डॉक्टरांनी १९९२ साली साधे नियम मांडले, आणि ते आज जगभर वापरतात. दुखावलेल्या पायावर चार पावलंही टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या कोणत्याही एका बाजूच्या उंच हाडावर दाबल्यावर दुखत असेल, तर एक्स-रे काढायलाच हवा.

हाडवैद्याने मोडलेल्या हातावर बांबूच्या कामट्या घट्ट आवळल्या तर रक्तपुरवठा अडतो. बोटं निळसर, थंड किंवा बधिर पडली तर हात कायमचा अधू होऊ शकतो. लहान मुलांच्या कोपराच्या दुखापतीत तर मालिश अजिबात नको. चोळलेल्या कोपराभोवतीच्या स्नायूंत हाड तयार होऊन कोपर कायमचं आखडल्याची उदाहरणं अस्थिरोगतज्ज्ञ नेहमी पाहतात.

गैरसमज : प्लास्टर निघालं, ऑपरेशन झालं, म्हणजे उपचार संपला.

वस्तुस्थिती : खरं काम त्यानंतर सुरू होतं. प्लास्टरमध्ये काही आठवडे राहिलेला हात बाहेर येतो तेव्हा वाळलेला, आखडलेला असतो. मनगट मोडलेल्या माणसाने बोटं आणि खांदा तर प्लास्टर असतानाच हलवत राहायला हवं.

रायगडात कबड्डीचं वेड आहे आणि गुडघ्याचा लिगामेंट तुटलेले खेळाडू गावोगाव भेटतात. ऑपरेशननंतर तीन-चार महिन्यांत चालणं सुरळीत होतं आणि मंडळाच्या पुढच्या स्पर्धेची घाई होते. नॉर्वेतल्या एका अभ्यासात २०१६ साली दिसलं की ऑपरेशननंतर नऊ महिन्यांपर्यंत मैदानात परतणं जितकं लांबवलं, तितका धोका घटत गेला. लांबवलेल्या प्रत्येक महिन्यागणिक पुन्हा दुखापत होण्याचं प्रमाण सुमारे ५१ टक्क्यांनी कमी झालं. महिने मोजण्याबरोबर ताकदही मोजावी लागते. दोन्ही पायांचं बळ जवळपास सारखं झालं का, एका पायावर उडी मारून तोल राहतो का, हे तपासूनच चढाईला उतरा. घाईने खेळलेली एक स्पर्धा पुढची सगळी वर्षं हिरावून घेऊ शकते. प्रशिक्षकांनी आणि मंडळाच्या ज्येष्ठांनी यात खेळाडूच्या पाठीशी उभं राहायला हवं.

गैरसमज : व्यायाम करताना दुखलं म्हणजे नुकसान होतंय.

वस्तुस्थिती : थोडं दुखणं चालतं. व्यायामानंतर वाढलेलं दुखणं चोवीस तासांत मूळपदावर आलं, तर मात्रा योग्य आहे. दुसऱ्या दिवशीही वाढलेलंच राहिलं तर व्यायाम सोडून न देता कमी करा आणि थेरपिस्टला सांगा. दात-ओठ खाऊन कळ सोसत केलेला व्यायामही फायद्याचा नाही.

आखडलेल्या खांद्यात हे फार लक्षात ठेवावं लागतं. चाळिशी ते साठीत, आणि मधुमेह असलेल्यांना अधिक प्रमाणात, हा त्रास होतो आणि वर्ष-दोन वर्षंही रेंगाळतो. कुणाकडून तरी हात जोरात ओढून घेतला तर दुखणं चिघळतं. रोजची शांत, नेमाची हालचाल आणि साखरेवर ताबा यांनी तो सुटतो.

गैरसमज : दहा सिटिंग झाली की माणूस बरा होतो.

वस्तुस्थिती : सिटिंगचा आकडा आधीच ठरवून दुखणं बरं होत नाही. एखाद्याला दोन-तीन भेटी पुरतात, लिगामेंटच्या खेळाडूला कित्येक महिने लागतात. रोह्याच्या आतल्या गावांतून रोज क्लिनिकला येणं म्हणजे गाडीभाडं आणि बुडालेली मजुरी. म्हणून पहिल्याच भेटीत मोकळेपणाने विचारा : मला काय झालंय, घरी कोणते व्यायाम करू, किती वेळा, किती दिवसांनी फरक दिसायला हवा, आणि नाही दिसला तर पुढे काय? हवं तर घरच्या माणसाला व्यायामाचा व्हिडिओ काढू द्या. आठवड्यातून एकदा येऊन रोज घरी नेमाने व्यायाम करणारा रुग्ण, रोज येऊन घरी काहीच न करणाऱ्यापेक्षा पुष्कळदा लवकर सुधारतो.

थेरपिस्टची पदवी आणि नोंदणीही विचारा. हा बारावी विज्ञाननंतरचा काही वर्षांचा पदवी अभ्यासक्रम आहे, त्यात रुग्णालयातली इंटर्नशिप येते. महाराष्ट्रात फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपी यांची राज्य परिषद आहे आणि २०२१ साली या क्षेत्रासाठी राष्ट्रीय कायदाही झाला. चार आठवड्यांचा मसाजचा कोर्स करून पाटी लावणाऱ्याच्या हातात मान देण्याआधी एवढी चौकशी करण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, आणि खरा थेरपिस्ट त्याने दुखावत नाही.

पेण-रोह्यात कमावतं अंग हीच अनेक घरांची ठेव आहे. दुखणं दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकलं, किंवा दुखण्यामुळे नेहमीचं काम बदलावं लागलं, तर सण उरकायची, हंगाम संपायची वाट पाहू नका. लवकर दाखवलेलं दुखणं थोड्या भेटींत आणि थोड्या खर्चात आवरतं. क्लिनिकमध्ये जे शिकाल ते घरी रोज करा, त्यातच बरं होण्याचा मोठा वाटा आहे, आणि तो तुमच्या हातात आहे.