प्लासेंटा : वारेपासून भरितापर्यंत

मिरचीचा तिखटपणा बियांत असतो, ही आपल्या घरोघरची पक्की समजूत. एक हिरवी मिरची उभी चिरून बघा. देठाखाली पांढरट, मऊ गर दिसतो, त्याच्या शिरा टोकाकडे उतरतात आणि बिया त्यांना चिकटून बसलेल्या असतात. हा गर म्हणजे वनस्पतिशास्त्रातला प्लासेंटा. जॉन थ्रेशने 1876 साली ज्याला कॅप्सायसिन नाव दिले, ते तिखट द्रव्य तयार होते याच्या पेशींत. बिया तिखट लागतात त्या याच्या सहवासाने. बिया झटकून केलेला ठेचा सौम्य लागतो, कारण बियांबरोबर या शिराही निघून जातात. दोंडाईच्याच्या बाजारात ओतलेल्या मिरच्यांचा सगळा ठसका या चिमूटभर गरातून आलेला असतो.

हाच शब्द डॉक्टरांच्या तोंडी आला की तो वारेबद्दल असतो. मुळात मात्र लॅटिनमध्ये प्लासेंटा हा खाण्याचा पदार्थ. रोमन लेखक केटोने शेतीवरच्या आपल्या पुस्तकात त्याची कृती दिली आहे : कणकेच्या पातळ पाऱ्या, मध्ये चीज आणि मध. आपला खापरावरचा मांडा त्याचा लांबचा भाऊच म्हणायचा. पूर्ण दिवसांची मानवी वार साधारण वीस सेंटिमीटर व्यासाची, अर्धा किलोची, चपटी आणि गोल. रेआल्दो कोलोंबोने 1559 सालच्या शरीररचनेच्या ग्रंथात तिला हे नाव दिले ते या आकारावरून. पुढे वनस्पतिशास्त्राने ते उचलले तेव्हा आकार बाजूलाच राहिला. मिरचीत चपटे काय आहे? पण गर्भ किंवा बीजक (ज्याचे पुढे बी होते) आईला जिथे जोडलेले असते आणि जिथून पोसले जाते, ती जागा दोन्हीकडे सारखीच महत्त्वाची. बीजकाला जोडणारा देठ म्हणजे फ्युनिक्युलस, आणि तो लॅटिन शब्द शरीररचनेत नाळेलाही लावतात. चवळीच्या दाण्यावरचा डोळा ही त्या देठाच्या सांध्याची खूण. तिचे नाव हायलम; मूत्रपिंडात रक्तवाहिन्या शिरतात त्या खाचेलाही हेच नाव.

गाईच्या बाबतीत तर आकाराची कल्पना पारच कोलमडते. तिची वार एक वाटोळी चकती नसते. गर्भाशयाच्या सत्तर ते एकशेवीस गुंड्यांवर ती ठिकठिकाणी घट्ट बसते. या गुंड्यांवर बसणाऱ्या वारेच्या बाजूच्या गुच्छांना कॉटिलेडॉन म्हणतात. जळगावच्या डाळ मिलमध्ये तुरीचा दाणा फुटून जी दोन दले सुटी होतात, तीही कॉटिलेडॉनच. गोठ्यात मात्र प्रश्न शब्दांचा नसतो. वार सहसा बारा तासांत पडते. लोंबत्या वारेला दगड बांधायची जुनी खोड फार वाईट, कारण गुंड्या ओढून तुटतात आणि गर्भाशयाला इजा होते. वार अडकली तर पशुवैद्यालाच बोलवावे.

पुन्हा वनस्पतींकडे वळू. खानदेशच्या शिवारात प्लासेंटावरची बीजकांची मांडणी शिकायला पुस्तक लागत नाही. उडदाच्या शेंगेत दाणे एकाच शिवणीला लागलेले. पपईत ते आतल्या भिंतीला. कपाशीच्या बोंडात मधल्या अक्षाला. केळ्यातही अक्षालाच, फक्त तिथे त्यांचे उरतात ते काळे ठिपके.

वांग्यात प्लासेंटा इतका फुगतो की आपण खातो त्या गराचा मोठा भाग तोच असतो. धोत्रा, टोमॅटो, मिरची आणि वांगे एकाच कुळातले, आणि बीजांडकोशात तिरका बसलेला फुगीर प्लासेंटा ही या कुळाची ठळक ओळख. जळगावच्या भरिताच्या वांग्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले. हिरवे, मोठे, गराळ आणि कमी बियांचे हे वांगे कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर भाजतात. साल उतरवून ते हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात आणि शेंगदाण्यांबरोबर कुटतात आणि पुरीबरोबर किंवा कळण्याच्या भाकरीबरोबर वाढतात. म्हणजे भरिताच्या एका घासात दोन प्लासेंटा येतात, एक मऊपणाला आणि दुसरा झणझणीतपणाला. बहिणाबाई चौधरींचे माहेर असलेल्या आसोद्याची वांगी या कामी नावाजलेली. बी जून झाले की गर कडवट होतो आणि बिया दाताखाली येतात; म्हणून भरिताचे वांगे बी धरलेले पण टणक न झालेले असतानाच तोडतात.