विडी सोडली, मग खोकला का वाढला?

दोस्ता, एक कोडं घालते. कुणी विडी-सिगारेट ओढणं सोडलं, तर त्याचा खोकला कमी व्हायला हवा, हो ना? पण काही जणांचा खोकला आधी चक्क वाढतो! का बरं? लाव डोकं!

आधी एक मोठ्ठा श्वास घे. हं! ही हवा नळ्यांमधून फुप्फुसात गेली. त्या नळ्यांना आतून इवल्या इवल्या केसांचं अस्तर असतं. केवढे इवले? तुझ्या पट्टीवरच्या एका मिलिमीटरात असे 100 हून जास्त केस एकावर एक उभे राहतील! त्यांना म्हणतात सिलिया.

सिलिया सारख्या डुलत असतात. सेकंदाला 10 ते 15 वेळा! तू झोपलास किंवा झोपलीस तरी चालूच! नळ्यांमध्ये एक चिकट थर असतो. धूळ आणि जंतू त्याला चिकटतात. सिलिया तो थर ढकलत ढकलत घशापर्यंत आणतात. आणि पुढे? आपण तो गिळून टाकतो! ईऽऽ! हो, हो, तूसुद्धा. अगदी आत्तासुद्धा!

आता धुराचं बघू. त्यात 7000 हून जास्त रसायनं असतात. त्यांच्यामुळे सिलिया मंदावतात, आखूड होतात, काही तर नाहीशाच होतात.

समज, तुमच्या वर्गात झाडायची पाळी असलेली मुलं महिनाभर आलीच नाहीत. बाकांखाली खडूची भुकटी, पेन्सिलींची टरफलं, कागदांचे बोळे! मग एके दिवशी ती आली आणि झाडू हातात घेतला. पहिल्यांदा काय होईल? धुरळा!

छातीतही तेच! धूर थांबला की सिलिया पुन्हा वाढतात, डुलू लागतात. साठलेला चिकट थर, म्हणजेच कफ, वर येतो. म्हणून तो खोकला! पुढच्या काही महिन्यांत तो कमी होत जातो. (थांबतच नसेल, तर मात्र डॉक्टरांकडे जायचं हं.)

हृदयाला तर एवढाही धीर नसतो! शेवटची विडी विझल्यावर 20 मिनिटांतच त्याचे वाढलेले ठोके कमी होऊ लागतात. तुझी मधली सुट्टीसुद्धा संपलेली नसते! वर्षभरात हृदयविकाराचा वाढलेला धोका निम्म्यावर येतो.

मग सगळे पटकन सोडत का नाहीत? धुरातलं निकोटीन काही सेकंदांत मेंदूत पोहोचतं आणि पुन्हा पुन्हा हवंसं वाटतं. एकट्याने सोडणं खरंच अवघड असतं. म्हणून घरातल्या कुणाला सोडायची असेल, तर 1800-11-2356 या नंबरवर फुकट मदत मिळते. आणि ओळख पाहू, हा नंबर कुठे छापलेला असतो? सिगारेटच्या पाकिटावरच!