कारसेवेने उपसलेली नदी

पंजाबातली काली बेई सुमारे १६० किलोमीटर लांबीची. गुरू नानकांना सुलतानपूर लोधी येथे याच नदीत साक्षात्कार झाला, अशी शिखांची श्रद्धा. तरीही काठावरची गावं नि शहरं तिच्यात बिनदिक्कत सांडपाणी सोडत होती.

संत बलबीरसिंग सीचेवाल यांनी २००० साली कारसेवा पुकारली. लोक पाण्यात उतरले, हातांनी जलपर्णी ओढून काढली, गाळ उपसला, घाट बांधले. पण नाले चालू ठेवून गाळ काढत बसणं म्हणजे फुटक्या घागरीत पाणी भरणं.

म्हणून पुढे आला 'सीचेवाल पॅटर्न'. गावचं सांडपाणी ओळीने तीन विहिरींतून फिरवायचं. जड घाण तळाशी बसते, प्लास्टिक नि तवंग वर अडतो. मग ते पाणी तळ्यात ऊन खातं आणि मोटारीने शेतात जातं. ना अवाढव्य यंत्रं, ना भरमसाट वीजबिल. शिवाय शेतकऱ्याला खतासारखं पाणी! कारखान्यांच्या रसायनांवर मात्र हा उतारा नव्हे.

सीचेवालांना २०१७ मध्ये पद्मश्री मिळाली. २०२२ पासून ते राज्यसभेत आहेत.